अचानक भोवळ आली तर…

मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या वाचकहो, कुशीवर वळताच घर गरगर फिरू लागले, तर उठू नका, पडूनच राहा. अंतर्कर्णातील सूक्ष्म कण सरकल्याने येणारी अशी भोवळ बहुधा मिनिटभरात ओसरते आणि डॉक्टरांनी करवून घेतलेल्या मानेच्या विशिष्ट हालचालींनी बरी होते.

घरच्यांनी मधुमेही रुग्णाची साखर लगेच मोजावी. ती ७० च्या खाली असून गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभेच राहता येईना, तर पक्षाघाताची शक्यता धरून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

रक्तदाबाच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. आणि भोवळीच्या धास्तीने चालणेही सोडू नका.