मंचापर्यंतचे अंतर

अभिजात गिटारवादनाच्या एका स्पर्धेसाठी आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला घेऊन मी मुंबईस गेलो, त्याला दोन वर्षे झाली. बक्षीस मिळाले नाही. तरीही त्या प्रवासाविषयी या स्मरणिकेत लिहावेसे वाटते. कारण स्पर्धा नेमकी कोठे सुरू होते, याबद्दलचे माझे मत त्या रात्री बदलले.

अभिजात गिटार उजव्या हाताच्या नखांनी वाजवतात. वादक ती नखे जपतो, बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांना आकार देतो. आम्हांला गाडीचे आरक्षण मिळाले नव्हते. अनारक्षित डब्यातील रेटारेटीत गिटार सांभाळताना मुलाच्या अनामिकेचे नख तुटले. ‘सर, आता कसं?’ एवढेच तो म्हणाला आणि पहाटेपर्यंत गिटार मांडीवर धरून बसून राहिला. मुंबईच्या दमट हवेत तारांचा सूर टिकेना. सभागृहाबाहेर इतर मुले डाव्या पायाखाली घडीचे छोटे स्टूल घेऊन सराव करीत होती, त्यांचे पालक शेजारी उभे होते. आमचा मुलगा वसतिगृहातील पाटावर पाय ठेवून शिकलेला. त्याचे आईवडील ऊसतोडणीला गेलेले. तार्रेगा या स्पॅनिश रचनाकाराची ‘लाग्रिमा’ त्याने न अडखळता वाजवली. पण मुख्य सुरावट अनामिकेवर होती, आणि तीच दबकी उमटली.

परीक्षकांनी अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. त्यांनी ऐकले त्याचे गुण दिले. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. प्रवेशशुल्क, दोघांचे भाडे आणि एका रात्रीचा मुक्काम ज्याला परवडत नाही, त्याचा पराभवही कोठे नोंदला जात नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा अनुपस्थितीचा विचार करावाच लागतो.

व्हेनेझुएलाचे थोर गिटारवादक आलिरिओ दिआस यांचे उदाहरण पाहावे. 1923 साली कारोरा शहराजवळच्या एका दरिद्री वस्तीत त्यांचा जन्म झाला. किशोरवयात त्यांनी घर सोडले. कारोरा, मग त्रुहियो असे टप्पे घेत 1945 मध्ये ते राजधानी काराकासला पोहोचले आणि तेथे राऊल बोर्हेस यांच्याकडे शिकले. 1950 मध्ये शासकीय शिष्यवृत्तीवर ते स्पेनला गेले. पुढे इटलीतील सिएना येथे सेगोव्हियांचे शिष्य आणि नंतर साहाय्यक झाले. प्रतिभा त्यांची स्वतःची होती. परंतु वस्तीपासून युरोपपर्यंतच्या वाटेवर कोणी मार्ग दाखवला, कोणी शिकवले, कोणी खर्च उचलला. हे टप्पे नसते, तर ती प्रतिभा वस्तीतच राहिली असती.

काही सहकारी विचारतात, ‘आपल्या मुलांना गिटार कशाला? तो पैसा स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना द्यावा.’ त्यांची काळजी मला समजते. पण पोटापुरतेच शिक्षण आपल्या मुलांसाठी आणि कला मात्र इतरांसाठी, ही वाटणी आपण का मान्य करावी? बाबासाहेबांनी इतक्या व्यापात, उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले होते.

म्हणून तीन सूचना. आयोजकांनी पहिली फेरी ध्वनिचित्रफितीवर घ्यावी आणि निवडलेल्या ग्रामीण मुलांना प्रवासभाडे द्यावे. शाळेने अशा प्रवासांसाठी छोटासा निधी वेगळा ठेवावा, म्हणजे मूल एक दिवस आधी पोहोचेल आणि रात्रभर झोपेल. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी घरातील एक खोली दोन रात्रींपुरती उघडावी.

नख काही महिन्यांत पुन्हा वाढले. तो मुलगा आता संध्याकाळी धाकट्या दोघांना शिकवतो. पाट तोच आहे. पुढच्या स्पर्धेला तिघेही जाऊ इच्छितात. त्यांच्या तिकिटांचे आरक्षण वेळेवर करणे एवढे तरी आपल्या हाती आहे.