घाम रयतेचा, वारसा कोणाचा?

वाचकहो, कोपरीचा आमचा एखादा शेतकरी किंवा सुतार-लोहार बंधु विचारील कीं, लंडनच्या बँकेंतील निजामाच्या पैशाशीं आपणांस काय कर्तव्य? आमचें उत्तर असें. मराठवाड्याचे पांच जिल्हे निजामाच्या हैद्राबाद संस्थानांत होते. तेथून पोटासाठीं आलेलीं माणसें आज ठाण्यांत आपल्या शेजारीं घाम गाळीत आहेत. त्यांच्या बापजाद्यांनीं भरलेल्या शेतसाऱ्यावरच ती तिजोरी भरली होती.

हकीकत ऐका. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली व त्याचें मंत्रिमंडळ गेलें. तरी २० सप्टेंबरला त्याच्या सरकारच्या वेस्टमिन्स्टर बँकेंतील खात्यांतून १०,०७,९४० पौंड पाकिस्तानचे लंडनमधील हायकमिशनर रहिमतूला यांच्या नांवें जमा झाले. ही करामत मंत्री मोईन नवाझ जंग यांची. राज्य बुडालें, पण तिजोरीची किल्ली हातची सुटेना! निजामानें पैसे परत मागितले. रहिमतूलांच्या संमतीवांचून ते देतां येत नाहींत, असें बँकेनें सांगितलें.

निजामानें दावा लावला. परक्या राज्यावर येथें दावा चालत नाहीं, असें म्हणून इंग्लंडच्या उमराव सभेनें १९५७ सालीं त्यास वाटेला लाविलें. पुढें शिष्टाई सुरू झाली. २००८ सालीं भारताच्या मंत्रिमंडळानें कोर्टाबाहेर तडजोडीचीं बोलणीं करण्याचें ठरविलें. त्यांतूनही कांहीं निष्पन्न झालें नाहीं. अखेर २०१३ सालीं पाकिस्ताननेंच फिर्याद करून आपली ढाल आपणच खालीं ठेवली. २ आक्टोबर २०१९ रोजीं न्यायमूर्ति मार्कस स्मिथ यांनीं निकाल दिला: पैसा सातव्या निजामाचा, आणि त्याच्या हक्कानें मागणारे भारत सरकार व निजामाचे दोन नातू यांचा. तोंवर दहा लाखांचे सुमारें साडेतीन कोट पौंड झाले होते.

शेतकऱ्यांनो, हें व्याज पाहिलेंत? तुमचें कर्ज वाढतें तेव्हां घरावर जप्ती येते; तुमचा पैसा वाढला तेव्हां तुम्हांस कोणी विचारलें देखील नाहीं. सत्तर वर्षें वकील जेवले, वंशज भांडले, सरकारें रुसलीं. ज्यानें नांगर धरला, त्याचें नांव एकाही पक्षकारांत नव्हतें!

कोणी म्हणेल, राजाचा खजिना राजाचाच. आम्हीं विचारतों, तें खातें सरकारी कीं खासगी? सरकारी खात्यांत राजाच्या बापाची कमाई नसते. तेथें दुष्काळांतही वसूल केलेला सारा असतो. भारत सरकारनें निजामाच्या वंशजांशीं समझोता करून हा खटला लढविला. वंशजांनीं आपला वांटा घ्यावा, त्याबद्दल आमचें भांडण नाहीं. पण सरकारच्या वांट्यास जें आलें, त्याचा पैन् पैचा हिशेब गांवोगांव चावडीवर लावावा, आणि तो पैसा मराठवाड्याच्या विहिरी, तलाव व शाळा यांवरच खर्चावा. सरकार वारस म्हणून कोर्टांत उभें राहिलें तें रयतेच्या जोरावर. वारसा रयतेच्या नांवानें मिळवावा व ठेवावा दिल्लीच्या तिजोरींत, ही निजामशाहीच नव्हे तर काय?