उपचार मोफत, तरी आजार महाग

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करतानाच त्यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. आज राज्याची आरोग्य योजना महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. २०१२ मध्ये वेगळ्या नावाने आणि दीड लाख रुपयांच्या मर्यादेत सुरू झालेल्या या योजनेचे छत्र २०२४ पासून पाच लाखांचे झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही नि:शुल्क आहेत. मग खंडाळ्यातील सामान्य कुटुंब आजारपणाला अजून का भिते?

कारण योजनेचा दरवाजा उघडतो तो मुख्यतः रुग्ण खाटेवर पडल्यावर. मधुमेहाची रोजची गोळी, रक्ताची तपासणी, साताऱ्याला किंवा पुण्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांना कोणतेही कार्ड चालत नाही. शिरवळच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव पडलेला असताना दुखणे आले, तर दागिना सावकाराकडे जातो. आजार श्रीमंत-गरीब पाहत नाही. त्याचे बिल मात्र गरिबाला अधिक गरीब करते.

देशात एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु शासनाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरविले होते. २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्केच होता.

शेजारच्या चीनचा अनुभव येथे बोलका आहे. २००३ पासून ग्रामीण सहकारी आरोग्य विमा उभारून त्या देशाने जवळजवळ प्रत्येक खेडुताला विम्याखाली आणले. तरीही २०१५ च्या सुमारास नोंदणीकृत गरीब कुटुंबांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबे आजारपणामुळे दारिद्र्यात असल्याचे तेथील शासनालाच मान्य करावे लागले. कार्ड हाती येणे आणि खर्चातून सुटका होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून खरी कसोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. तेथे डॉक्टर हजर असला, औषध शिल्लक असले आणि तपासणी गावाजवळ झाली, तर रोग वेळीच आवरतो आणि मोठ्या शस्त्रक्रियेची वेळही अनेकदा टळते. शासनाने पैसा प्रथम येथे ओतला पाहिजे.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. वस्तीतील कोणाची शिधापत्रिका अपुरी आहे, कोणाचे आयुष्मान कार्ड निघालेले नाही, रुग्णालयातील आरोग्यमित्रापर्यंत कोणाला हात धरून न्यावे लागेल, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. एवढे काम सुशिक्षित कुटुंबांनी आणि कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. सावित्रीबाईंच्या तालुक्यात तरी रुग्णाला एकटे सोडले जाऊ नये.