फ्लॅशर बदलण्याआधी अर्थ तपासा

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने पेटतात आणि कोल्हापूर जिल्ह्यात कागल, शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. तिन्हीसांजेला अशा रस्त्यावरून उजवीकडे शेताच्या वाटेला वळणारा मोटारसायकलवाला आठवा. त्याच्या मागचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करायच्या बेतात असतो. अंधारात दाखवलेला हात कुणाला दिसत नाही, दिसतो तो फक्त पिवळा दिवा. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हंगाम सुरू व्हायच्या आत आपल्या गाडीचे चारही इंडिकेटर बघून घ्या. बंद असतील तर ‘चालतंय की’ म्हणून सोडून देऊ नका.

इंडिकेटर बिघडला की बहुतेक जण आधी फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा भाग, बदलतात. नवीन फ्लॅशर घालताना कपलर, म्हणजे तारांचा जोड, हलतो, साचलेला गंज थोडा खरवडला जातो आणि आठवडाभर इंडिकेटर चालतो. मग पुन्हा बंद. पैसे गेले आणि दोष जिथल्या तिथे राहिला. खरा दोष बहुतेक वेळा अर्थमध्ये (करंटच्या चॅसीमार्गे परतीच्या जोडणीत), होल्डरमध्ये नाहीतर हँडलजवळच्या तारेत असतो.

आधी लक्षण नीट बघा. एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल किंवा न लुकलुकता नुसताच जळत राहत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय किंवा त्याला अर्थ मिळत नाही. दोन्ही बाजू जळतात पण लुकलुकत नाहीत, तर फ्लॅशरवर किंवा उतरलेल्या बॅटरीवर संशय घ्या. काहीच लागत नाही आणि हॉर्नही मुका आहे, तर फ्यूज बघा. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाइटही मंद लुकलुकतो? मग मागच्या बाजूची अर्थची तार सुटलीय. परतीची वाट बंद झाल्यामुळे करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतोय.

आता काच उघडा. बल्ब दाबून फिरवला की निघतो. होल्डरच्या आत आणि बल्बच्या बुडाशी हिरवट-पांढरी पूड दिसली, तर रोग तिथेच आहे. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही घासा, बुडाशी असलेली पत्री हलकेच वर उचला आणि बल्ब परत बसवा. तरीही लागला नाही तर एक हातभर तार घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, दुसरं होल्डरच्या धातूच्या अंगाला टेकवा आणि इंडिकेटर चालू करा. दिवा लख्ख लागला, तर अर्थ खराब होता हे सिद्ध झालं. चॅसीला जिथे अर्थचा बोल्ट बसतो, तिथला गंज आणि रंग खरवडून बोल्ट घट्ट आवळा. एवढ्यावर काम भागतं.

अर्थ ठीक असेल तर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघा. मध्येच दिवा जातो का? हँडलच्या मानेपाशी तारा रोज दुमडतात. वरचं आवरण शाबूत दिसतं, पण आतले तांब्याचे धागे तुटलेले असतात. गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांनी टाकीखाली उंदरांचे दातही शोधावेत.

फ्लॅशरचा नंबर यानंतर. दोन पिनांचा असेल तर तो काढा, त्याच्या कपलरच्या दोन्ही तारा एका तुकड्याने जोडा आणि स्विच डावीकडे-उजवीकडे करा. हा तुकडा चॅसीला लागू देऊ नका. दिवे स्थिर जळले तर वायरिंग ठीक आहे आणि फ्लॅशर गेलाय. मगच नवीन आणा. हिरो-होंडाच्या पठडीतल्या गाड्यांत नारिंगी तार डावीकडची, फिकट निळी उजवीकडची, करडी फ्लॅशरकडून स्विचला जाणारी आणि हिरवी अर्थची असते. बाकी कंपन्यांचे रंग वेगळे असतात, तिथे अंदाजाने जोडू नका.

फ्यूज वारंवार उडत असेल तर कुठेतरी तार चॅसीला लागतेय. तिथे जादा अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं म्हणजे सीटखाली आगपेटी ठेवणं. हे करू नका, कुणाला करू देऊ नका.

तरुण मुलांना एक सांगायचंय. हौसेने एलईडी इंडिकेटर लावता आणि ते भराभर लुकलुकायला लागतात. साधे बल्ब बहुधा १० वॅटचे असतात, एलईडी त्यापेक्षा फारच कमी वीज घेते, म्हणून जुन्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडीला चालणारा फ्लॅशर घ्या. रंग पिवळाच ठेवा, निळा-पांढरा नको. नियमाप्रमाणे लुकलुकणं मिनिटाला ६० ते १२० वेळा हवं. घड्याळ लावून अर्धं मिनिट मोजा, ३० ते ६० भरलं पाहिजे.

शाहूपुरी, दुधाळी, चिखली, आंबेवाडीकडच्या लोकांनी जास्त काळजी घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या पुसून, तेल बदलून चालू झाल्या, पण कपलरमध्ये शिरलेला गाळ कुणी काढला? अशी गाडी अजून वापरत असाल किंवा जुन्या बाजारातून घेतली असेल, तर सगळे कपलर एकदा उघडून, साफ करून, कोरडे करून घ्या. सर्व्हिसिंगला गाडी धुताना स्विचवर पाण्याचा फवारा मारू देऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन लावा.

तार तोडायची, जोडायची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, पावसाळ्यात ती टेप सुटते. डाग द्या आणि वरून स्लीव्ह चढवा. हे हाताला जमत नसेल तर मिस्त्रीकडे जा, पण ‘इंडिकेटर बघा’ एवढंच सांगून चहाला जाऊ नका. ‘आधी अर्थ आणि होल्डर बघा, फ्लॅशर शेवटी’ असं सांगा आणि काम होईपर्यंत तिथे उभे राहा.