उंची आणि योग्यता

बर्फावरील हॉकी हा खेळ आपल्या मैदानी हॉकीहून बराच निराळा आहे. पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूच्या जागीं रबराची चकती, आणि अंगावर अंग आदळणें हें नियमांस धरूनच. कॅनडा व अमेरिका येथील नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षीं ‘ड्राफ्ट’ नांवाच्या निवडसभेंत अठरा वर्षांच्या सुमाराचे खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात. तत्पूर्वीं संघांचे पारखी गांवोगांव हिंडून मुलांचा खेळ पाहतात व गुणानुक्रमें याद्या तयार करितात. या याद्यांत उंचीस वाजवीपेक्षां अधिक मान मिळतो, असें आमचें मत आहे.

ब्रेडन पॉइंट याचें उदाहरण घ्या. १९९६ सालीं कॅलगरी येथें जन्मलेला हा मुलगा सस्कॅचवान प्रांतांतील मूस जॉ या गांवच्या कनिष्ठ संघांत खेळत असे. २०१३-१४ च्या हंगामांत त्यानें ७२ सामन्यांत ३६ गोल केले व ५५ गोलांस साह्य केलें. त्याचा संघ दुबळा. विजयांपेक्षां पराभवच फार. तरीही जून २०१४ मध्यें फिलाडेल्फिया येथें भरलेल्या निवडसभेंत ७८ नांवें पुकारून झालीं, तोंवर त्याचें नांव आलें नाहीं. अखेर टँपा बे संघानें त्यास ७९ व्या क्रमांकावर निवडिलें. उंची जेमतेम पावणेसहा फूट, आणि लहान चणीच्या खेळाडूस हवा तेवढा वेग पायांत नाहीं, अशी पारख्यांची तक्रार होती.

या हिशेबांत आम्हांस दोन दोष दिसतात. पहिला असा कीं, त्याचे ९१ गुण थोराड प्रतिस्पर्ध्यांचे धक्के सोसूनच मिळालेले होते. ठेंगणेपणाची वजाबाकी त्या आंकड्यांत अगोदरच झालेली असतां ती पुन्हां पुरी करणें म्हणजे एकाच उण्याचें दोनदां माप घेणें होय. दुसरा दोष याहून मोठा. पायांची ठेवण शिकवितां येते. पुढें १९८४ सालच्या जागतिक विजेत्या फिगर स्केटिंगपटू बार्बरा अंडरहिल यांच्या मार्गदर्शनाखालीं पॉइंटनें आपली चाल सुधारिली. परंतु चकती कोठें जाणार हें क्षणभर आधीं ओळखणारी दृष्टि, व चकती गमावतांच ती परत मिळविण्यासाठीं मागें धांवण्याची जिद्द, हीं सहसा कोणास शिकवितां येत नाहींत. पारख्यानें अधिक भार यांवर द्यावा.

पारख्यांस मूर्ख ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. कनिष्ठ खेळांत चमकलेलीं कितीएक लहान चणीचीं मुलें प्रौढांच्या रेट्यापुढें टिकत नाहींत, आणि प्रत्येक संघाच्या वांट्यास निवडी थोड्याच येतात. म्हणून उंची टिपून ठेवावी. मात्र तिच्यावरून निकाल देऊं नये. १९९८ सालीं रशियाचा पाव्हेल डात्स्यूक १७१ वा निवडला गेला व पुढें थोर खेळाडू म्हणून नांवाजला. पॉइंटनें २०२० व २०२१ या दोन्ही वर्षीं संघास स्टॅन्ले चषक मिळवून देतांना अंतिम स्पर्धांत प्रत्येकीं १४ गोल केले, आणि २०२२-२३ च्या हंगामांत ५१.

विद्यार्थीहो, यादी करणारा एका दिवसाचें मत लिहितो. पुढील दहा वर्षें खेळाडूनें लिहावयाचीं असतात. आणि पालकहो, मुलास भिंतीशीं उभें करून उंचीची रेघ अवश्य ओढा. परंतु पडल्यावर तो किती लवकर उठतो, तेंही शेजारीं टिपून ठेवा.