एका फुलामागची बादली

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका हॉस्पिटलच्या पेशंट-नोंदणीची स्क्रीन 'सोपी' केली. तेवीस रकाने होते, नऊ ठेवले. डेमोच्या शेवटच्या स्लाइडवर मी जपानी चहाच्या खोलीचा फोटो टाकला होता. रिकामी खोली, कोनाड्यात एक फूल, खाली 'लेस इज मोअर'. टाळ्या पडल्या!

तीन महिन्यांनी काउंटरवर गेलो, तर नोंदणी करणाऱ्या ताईंच्या कीबोर्डशेजारी दोनशे पानी वही. आम्ही उडवलेले चौदा रकाने त्यात पेनाने आखलेले. "स्क्रीन छान आहे हो दादा," त्या म्हणाल्या, "पण नातेवाइकाचा नंबर लिहायचा कुठे?"

गेल्या वर्षी ऑनसाईट ओसाकाला होतो, तेव्हा म्हटलं, ज्या खोलीच्या नावावर टाळ्या खाल्ल्या ती निदान बघून तरी यावी. ओसाका आणि क्योतोच्या मध्ये यामाझाकी स्टेशनसमोर म्योकिआन नावाचं मंदिर आहे. तिथली 'ताइआन' ही खोली चहाचे थोर गुरू सेन नो रिक्यू यांची मानली जाते, साधारण १५८२ची. आधी पोस्टकार्ड पाठवून वेळ घ्यावी लागते (हो, पोस्टकार्ड! मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं). आत जाता येत नाही. पाहुण्याने वाकून, गुडघ्यांवर सरकत आत यावं म्हणून जे बुटकं दार केलेलं असतं, त्या 'निजिरिगुची'तून फक्त डोकवायचं.

आत दोन तातामी. म्हणजे जेमतेम चाळीस चौरस फूट. मातीच्या भिंती, त्यात गवताच्या काड्या दिसतात. फूल ठेवायच्या कोनाड्याचे आतले खांबसुद्धा मातीने लिंपून टाकलेत, त्यामुळे कोपरे गोल झालेत आणि अंधारात कोनाडा कुठे संपतो तेच कळत नाही. एवढ्याशा खोलीचं छत तीन भागांत, एक भाग उतरता. साधं म्हणतात ते हे? इतकं साधं करायला किती डोकं लागलं असेल!

पण खरा धक्का नंतर बसला. ओसाकाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला त्याच्या चहाच्या बाईंकडे नेलं. सत्तरी ओलांडलेल्या, अगदी आपल्या शाळेतल्या बाईंसारख्या. नोव्हेंबर होता. कोनाड्यात कॅमेलियाची एक कळी आणि लाल झालेल्या पानांची एक डहाळी, बस्स. चहाच्या खोलीतल्या फुलांना 'चाबाना' म्हणतात, आणि ती रचत नाहीत, नुसती भांड्यात 'घालतात'. मला वाटलं, एक मिनिटाचं काम.

मग भांडी उचलायला मदत म्हणून मी मागे गेलो. तिथे 'मिझुया' असते, म्हणजे चहाच्या खोलीची मोरी आणि फडताळ. ती गच्च भरलेली. वाट्या, फडकी, बांबूच्या पळ्या, पाण्याची भांडी आणि एक बादली. बादलीत नाकारलेल्या आठ-दहा डहाळ्या, खुडलेली पानं, दोन कळ्या. सकाळपासून बाई त्यातच होत्या.

पूर्ण समारंभ चारेक तास चालतो. मध्ये पाहुणे बागेत जातात. तेवढ्यात यजमान खोली झाडतो, कोनाड्यातलं लेखन उतरवतो आणि तिथे फूल ठेवतो. पाहुणे परत येतात, त्यांना फक्त फूल दिसतं. मोठ्या प्रसंगी मदतीला कुणी असतं, पण निखारे लावणं, चहा घुसळणं हे यजमानाचंच.

माझं म्हणणं एवढंच, की खोली रिकामी असते कारण मिझुया भरलेली असते, आणि साधेपणाचं श्रेय ज्याचं, त्याचेच हात मिझुयात असतात. आम्ही काय केलं? श्रेय स्लाइडवर घेतलं आणि बादली ताईंच्या टेबलावर ठेवली.

रिक्यूंचीच एक दंतकथा सांगतात. त्यांच्या बागेतल्या मॉर्निंग ग्लोरीचा लौकिक ऐकून हिदेयोशी आला, तर बागेत एकही फूल नाही. सगळी काढून टाकलेली. आत कोनाड्यात एकच. डिझाइनवाल्यांना ही गोष्ट भारी आवडते. मला आता ती ऐकली की प्रश्न पडतो, एवढी फुलं सकाळी उठून खुडली कुणी? गोष्टीत ते नाही.

हेही मान्य, की चहा हा काही गरिबांचा खेळ नव्हता. रिक्यू साकाईचे व्यापारी, गिऱ्हाईक सरदार. ओबडधोबड दिसणाऱ्या वाट्यांना तिथे वेडी किंमत यायची. आणि आपल्याकडे तरी काय, हॉल चकाचक, पाहुणे बाबांना म्हणतात "काय सुंदर पाहुणचार!", आणि आई ओट्यापाशी. असो.

परत आल्यावर मी दोन दिवस काउंटरवर बसून ती वही स्वतः भरली. रांग बाहेर पोर्चपर्यंत, पेशंट कण्हतायत आणि मी रकाना शोधतोय. चौदापैकी सहा रकाने स्क्रीनवर परत आणलेत, तीन आपोआप भरले जातात. क्लायंटच्या मॅनेजरला ते आवडलेलं नाही, स्क्रीन 'गर्दीची' दिसते म्हणे. ताईंची वही अजून आहे. आता शंभर पानी पुरते म्हणाल्या.