पुतळा आधी मातीचा असतो



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याच्या एक ताई घरी आल्या. सोबत अकरा-बारा वर्षांचा मुलगा. ताईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेले दोन मातीचे बैल काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊ, हा पोट्टा दिवसभर चिखलात हात घालून बसते. पुस्तक म्हणून उघडत नाही. याले तुम्ही तरी समजवा."

मी बैल हातात घेतले. एकाची मान जराशी वळलेली होती आणि जू घासून जिथे कातडी जाते, तिथे पोराने नखाने खरवडून ठेवले होते. समजवायचे बाजूलाच राहिले. ताईंचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. "मातीवर पोट भरते का कोणाचं?"

त्यांना मी राम सुतारांची गोष्ट सांगितली. वाचकांपैकी अनेकांना हे नाव ठाऊक असेल. निदान त्यांच्या हातचे काम तरी पाहिलेले असेल.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर या खेड्यात १९ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वनजी सुतार गावात सुतारकाम करीत. घरची परिस्थिती आपल्या घरांसारखीच. हातात कसब होते, गाठीला पैसा नव्हता. जोशी नावाच्या कलाशिक्षकांनी मुलाची बोटे ओळखली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. १९५३ साली तिथले मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे १९५४ ते १९५८ ही वर्षे ते पुरातत्त्व खात्यात होते आणि काम होते अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे. ज्या लेण्यांत आपण तथागतांपुढे हात जोडून उभे राहतो, तिथे हा तरुण झिजलेल्या, तुटलेल्या दगडाचा मूळ आकार कसा असेल हे रोज डोळ्यांनी मोजत होता. यापेक्षा मोठी शाळा कोणती असणार?

नंतर दिल्लीला केंद्र सरकारच्या माहिती खात्यात नोकरी लागली. ती त्यांनी १९५९ मध्ये सोडली! इथे ताईंनी कपाळाला हात लावला. मी त्यांना दोष देत नाही. सरकारी नोकरीची किंमत आपल्या वस्तीत जितकी कळते तितकी दुसरीकडे कुठे कळत असेल? एका नोकरीवर आपल्याकडे दोन-दोन पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. मी स्वतः त्या जागी असतो तर राजीनामा दिला नसता, हे कबूल करतो.

पण त्यांना कामे मिळत गेली. चंबळेवरच्या गांधीसागर धरणाजवळ त्यांनी ४५ फुटांचे चंबळमातेचे शिल्प घडवले. तिच्याजवळची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. संसदेच्या आवारातला ध्यानस्थ बसलेला गांधीजींचा पुतळा त्यांचाच, १९९३ सालचा. गुजरातेतला १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. १४ एप्रिल २०२३ रोजी हैदराबादेत १२५ फुटांचे बाबासाहेब उभे राहिले. तेही त्यांच्या आणि चिरंजीव अनिल यांच्या हातून.

मुलगा इतका वेळ गप्प होता. आता त्याने विचारले, "काका, येवढा मोठा पुतळा मातीचा कसा करते?"

बाळा, एवढा मोठा करतच नाहीत. आधी हातभर उंचीचा करतात. लोखंडी सळ्या आणि तारांचा सांगाडा उभारायचा, त्यावर माती चढवायची, ओल्या फडक्याने झाकून ती वाळू द्यायची नाही. कुंभाराची माती भट्टीत जाते आणि मडके होऊन टिकते. शिल्पकाराची माती मात्र भाजायची नसते. चेहरा मनासारखा उतरला की त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात, आणि साचा निघाला की खालची माती मोडून जाते. तीच पुन्हा भिजवून दुसऱ्या कामाला घेतात. साच्यावरून मेणाची प्रत, मग ओतारी तांबे-कथलाचा रस ओततो. मोठा पुतळा एका ओतात होत नाही. तुकडे ओतून पोलादी सांगाड्यावर जोडतात. पटेलांच्या पुतळ्यासाठी ३० फुटांचा नमुना करून तो संगणकाने मोजून मोठा केला आणि ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतून आणले. म्हणजे मातीत नाकाला सुपारीएवढी चूक राहिली, तर वर ती धोंड्याएवढी होणार. शिवाय एवढा उंच पुतळा आपण खालून पाहतो. डोके लांब पडते आणि लहान दिसते. म्हणून ते मुद्दाम थोडे मोठे धरावे लागते.

हे सांगताना मला आमच्या वस्तीतली गोष्ट आठवली. अकोल्यात वर्गणी करून आम्ही सिमेंटचा अर्धपुतळा आणला होता. हमालांनी, विडी वळणाऱ्या बायांनी दिलेले पैसे. कारागिराचे नाव घेत नाही, घाई आमचीही होती, १४ एप्रिल तोंडावर आला होता. कापड दूर झाले आणि पुढच्या रांगेतल्या एका लेकराने मोठ्याने विचारले, "आबा, हे कोण होय?" चष्मा होता, कोट होता, टाय होता. बाबासाहेब नव्हते. कोणी काही बोलले नाही, हार घातले गेले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी पुतळ्याची उंची विचारत नाही, माती कोणी पाहिली ते विचारतो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा बसला. तो शिल्पकार बाळ चव्हाणांनी केला. संसदेतला १९६७ सालचा, बोट उंचावलेला पुतळा ब्रह्मेश वाघांचा. गावोगावच्या पुतळ्यांनी तीच ऐट उचलली. ही नावे आपल्या किती घरांत माहीत आहेत? चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या जागेसाठी ठरलेल्या ३५० फुटी पुतळ्याचे कामही सुतारांकडे आले. त्यासाठी आधी २५ फुटांची प्रतिकृती करण्यात आली आणि ती पाहायला माणसे गाझियाबादला गेली. हे मला पटले. चेहऱ्याबद्दल जे बोलायचे ते तेव्हाच बोलावे, ओतल्यानंतर नाही. राम सुतार मात्र डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी पार करून गेले.

ताईंना मी दोनच गोष्टी सांगितल्या. पोराला शाळेतून एलिमेंटरी आणि नंतर इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवा, म्हणजे पुढे कलाशिक्षणाला जाताना हाताशी काही असेल. जे. जे. मध्ये शिल्पकला शिकवतात, मातीभांड्यांचे कामही शिकवतात. आणि दहावी सोडू देऊ नका. सुतारांनाही शिक्षण घ्यावे लागले होते. पोट भरेल की नाही याची हमी मी दिली नाही. ती माझ्याजवळ नाही.

ताई "पाहू" म्हणाल्या. बैल पुन्हा कागदात गुंडाळले. पोरगा दारातून परत आला.

"काका, आमच्या वावराची काळी माती वाळली का फाटते. बैलाचे पाय तुटते. कोणती माती घेऊ?"

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तडकते, एवढे मी सांगू शकलो. पुढचे मलाही येत नव्हते. जवळच्या कुंभारवाड्यात जाऊन विचार, म्हटले. आईला न सांगता जाऊ नको, हेही म्हटले.